शनिवारचं बिऱ्हाड

अलिबागेत भाड्याचं घर पावसात मिळतं आणि उन्हात जातं, ही अक्कल आम्हाला आली तेव्हा दसरा होऊन गेला होता. पावसात अलिबाग गरीब असतं. समुद्र खवळलेला, लाँच बंद, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, आणि घरमालक स्वतःहून फाटकापर्यंत येऊन 'बघून तर जा' म्हणतात. दसऱ्याला ऊन पडलं की तेच घरमालक भिंतींना चुना काढतात आणि फाटकावर 'घरगुती राहण्याची सोय' अशी पाटी टांगतात. नेमक्या त्याच दिवसांत आई, बाबा आणि मी अशा पाट्यांखाली उभे राहून विचारत होतो की आम्हाला कायमचं राहायला खोली मिळेल का. आठवड्यातल्या दोन दिवसांत मुंबईचे लोक जेवढं देऊन जातात, तेवढं आम्ही महिन्याला देणार होतो. पहिल्या दोन-चार घरांनी हसून नाही म्हटलं, पुढच्यांनी हसायचीही तसदी घेतली नाही.

घर हवं होतं ते माझ्यासाठी. आमचं गाव आत डोंगराकडे, भाताच्या खाचरांमध्ये. मी अकरावी सायन्सला अलिबागेत नाव घातलं होतं आणि रोज एसटीने येत-जात होते. कॉलेजचं प्रॅक्टिकल सुटायचं त्याच सुमारास आमच्या गावाची शेवटची गाडी स्टँडवरून हलायची. हातातली परीक्षानळी तशीच ठेवून पळत सुटायचं, नाहीतर गाडी चुकवून ओळखीच्या कुणाच्या तरी ओट्यावर झोपायचं, असं चाललेलं. दोनदा गाडी चुकल्यावर बाबा माझ्याकडे न बघता, पायातला काटा काढल्यासारखं करत म्हणाले, "दिवाळीपत्तर घर गावलं तर शीक. न्हायतर ऱ्हाऊ दे, सुमे. पोरीच्या जातीनं असं रस्त्यावर किती दिस काढायचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाचं मन वळवता येतं.

बाबा मांडव्याला लाँचवर खलाशी होते. लाँच जेट्टीला लागताना दोर फेकायचा, फळी टाकायची, उतरणाऱ्या बायांना हात द्यायचा, असं त्यांचं काम. पावसाळ्यात लाँच बंद आणि पगारही बंद. मग ते गावी येऊन भात लावायचे. थोडक्यात, ज्या महिन्यांत अलिबागेत घर स्वस्त, त्या महिन्यांत आमच्याकडे पैसे नाहीत, आणि ज्या महिन्यांत पैसे, त्या महिन्यांत घर नाही. हे गणित मला सायन्सच्या सगळ्या गणितांहून अवघड वाटायचं. आज माझी भाची पुण्यात बसून फोनवर अलिबागेतले फ्लॅट बघते, बोटाने भिंती सरकवते, आणि 'मावशी, हा सी-फेसिंग आहे' म्हणते. आता रो-रो बोटीतून अख्ख्या गाड्या मांडव्याला उतरतात, त्यामुळे पावसातही अलिबाग गरीब राहिलेलं नाही. ती भाडी मला सांगते तेव्हा मी चष्मा काढून पुसायला घेते.

फ्लॅट आम्हीही एक बघितला होता. स्टँडमागे नवी इमारत झाली होती, तिसरा मजला, पांढऱ्या फरशा. डिपॉझिटचा आकडा ऐकून बाबा 'बघतो' म्हणाले, म्हणजे बघणं संपलं. आईने तरी सगळ्या खोल्या फिरून घेतल्या, संडासाची साखळी ओढून बघितली, आणि जिना उतरताना मला म्हणाली, "बरंच झालं ग. लोकांच्या डोक्यावर चूल मांडायची म्हंजे कसंतरीच." तिला तो फ्लॅट फार आवडला होता. तिने त्या फरशीवरून हळूच हात फिरवलेला मी पाहिला होता.

इंदूकाकूचं घर त्याच दिवशी संध्याकाळी मिळालं. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीतलं कौलारू घर, मागे विहीर आणि दहा-पंधरा पोफळी. एका अंगाला काकू राहायची, दुसऱ्या अंगाला पुढच्या दोन खोल्या आणि मागे पडवी. काकूचे यजमान गेलेले, मुलगी ठाण्याला दिलेली. काकू उंच, ताठ, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारी. तिने आम्हाला ओट्यावरही बसवलं नाही. पायरीवरच आपली अट सांगितली.

"घर देते. पण शनिवारी सकाळी पुढच्या दोन्ही खोल्या रिकाम्या पाहिजेत. सामानसुमान काही दिसता कामा नये. माझे गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी जातात, मग परत या पुढे. ते दोन दिवस पडवीत राहायचं. म्हणून भाडं निम्मं."

"दर शनवारी बिऱ्हाड हलवायचं?" असं बाबांनी आईला हळूच विचारलं. आई सरळ काकूकडे वळली. ती काकूला म्हणाली, "चूल पडवीत मांडली तर चालंल नव्हं? म्हंजे ती तरी हलवायला नको." काकूने पहिल्यांदा चपलांवरून नजर उचलून आईकडे पाहिलं आणि मान हलवली. मला कॉलेज मिळालं ते त्या क्षणी.

शनिवार सकाळ म्हणजे आमच्याकडे एक लहानसं लग्नघरच उठायचं. बाबा पहाटे मांडव्याच्या बसला गेले की आई आणि मी वळकट्या बांधायचो, पत्र्याची ट्रंक दोघी मिळून उचलायचो, कपड्यांची दोरी सोडायची, आरसा काढायचा. देवांची तसबीरही निघायची. आई तिला हात जोडून म्हणायची, "चला, पडवीत." भिंतीवर खिळा उरायचा, त्याला काकू गलबताचं एक चित्र लावायची. उशांना नवे अभ्रे घालायची, खिडकीत उदबत्ती ठेवायची, आणि बघता बघता आमचं घर कुणा दुसऱ्याचं व्हायचं. मग फाटकाशी गाडीची चाकं वाळूत घासल्याचा आवाज, मुलांची पळापळ, 'समुद्र कुठे आहे, समुद्र?' मी पडवीच्या खांबाला पाठ टेकवून पुस्तक उघडायचे. भिंतीपलीकडे गाण्याच्या भेंड्या सुरू असायच्या. न्यूटनचे नियम मी त्या भेंड्यांच्या चालीवरच पाठ केले, आणि अजून मला ते तसेच आठवतात, चालीत म्हटल्याशिवाय सांगता येत नाहीत.

रविवारी संध्याकाळी घर परत मिळायचं. त्याला परका वास यायचा, साबणाचा, तेलाचा, कुणाच्या तरी अत्तराचा. कोपऱ्यात वाळू, पलंगाखाली एखादी राखी रंगाची रबराची चप्पल. आई आधी दोन्ही खोल्या झाडून काढायची, मग तसबीर लावायची, मग दार उघडं टाकून मधोमध पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "आलं ग बाय आपलं घर." दर रविवारी तितक्याच आनंदाने. मला त्या वयात तिचा तो आनंद समजत नसे, थोडा रागच यायचा. घर आपलं असतं तर दर आठवड्याला परत कशाला आलं असतं?

जेवणाचा घोळ हिवाळ्यात सुरू झाला. एका शनिवारी नगरकडची माणसं उतरली. कार्लेखिंडीत त्यांची गाडी बंद पडली होती, त्यामुळे यायला दुपार टळली. नाक्यावरची खानावळ तोवर झाकलेली. त्यांच्यात एक म्हातारी होती, साखरेचं दुखणं असलेली. उपाशीपोटी तिला घाम फुटून हात थरथरायला लागले होते. काकू बाजारात गेलेली. आईने कुणाला काही न विचारता म्हातारीचा हात धरून तिला पडवीत आणलं, पाटावर बसवलं आणि पानात तांदळाची भाकरी, पांढरा कांदा घालून परतलेला जवळा आणि वालाचं बिरडं वाढलं. म्हातारीच्या मागून सून आली, मुलगा आला, नातवंडं आली. आमचं रात्रीचंही तेव्हाच संपलं. जाताना त्या माणसाने पाकीट काढलं तेव्हा आई दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरली. "ज्येवनाचं पैसं? न्हाय बा!" त्यांनी नोट ताटाखाली ठेवली, तर आईने मला त्यांच्या गाडीमागे फाटकापर्यंत पळवलं.

ही बातमी त्या माणसांनी आपल्या भावकीत सांगितली असणार. पुढे येणारे लोक येतानाच विचारायचे, 'ते मागच्या बाजूला जेवण मिळतं ना?' आईला ते जेवण 'मिळतं' हा शब्दच कळायचा नाही. एका कौलाखाली झोपणारं माणूस आणि त्याच कौलाखाली पेटलेली चूल, मग ते जेवल्याशिवाय कसं राहील, इतकं तिचं साधं होतं. कुणी तांदूळ आणून द्यायचं, कुणी किनाऱ्यावरून मासळी. तेवढं ती घ्यायची. काकूही अधूनमधून दारात येऊन 'काय केलंय आज?' विचारायची, आई उठून उभी राहून सांगायची, आणि काकू निघून जायची. बाबा वैतागायचे. "आपुन भाडेकरू हाव, आश्रम न्हाय," म्हणायचे. एक शनिवार आईने बाबांच्या धाकाने पडवीचं दार लावून स्वयंपाक केला. पण वासाला कुठलं दार? एक चिमुरडी येऊन दाराला नाक लावून उभी राहिली. आईने दार उघडलं, आणि बाबांनी तो विषय सोडून दिला.

ह्यात एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. नाक्यावरच्या खानावळवाल्याचं आणि काकूचं आपसांत ठरलेलं होतं: काकूकडे उतरलेले जेवायला त्याच्याकडे, त्याच्याकडे जेवायला आलेले राहायला काकूकडे. काकूचे लोक जेवायला येईनात म्हटल्यावर त्याने आपले लोक दुसऱ्या गल्लीत पाठवायला सुरुवात केली. शिमगा झाल्यावर लागोपाठ दोन शनिवार काकूच्या खोल्या रिकाम्या गेल्या. आम्ही मात्र नेमाने सामान काढून पडवीत बसलो होतो. तिसऱ्या शनिवारी काकू पडवीच्या दारात आली. आई भाकरी थापत होती, ती उठून उभी राहिली.

"तुझ्या ह्या फुकटच्या जेवणावळींनी माझा धंदा बसला," काकू म्हणाली. "पाऊस लागायच्या आत दुसरं घर बघा. मला पडवी पण लागणार आहे."

तव्यावरची भाकरी करपली. आईच्या हातून भाकरी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मग पुन्हा पाट्या, पुन्हा फाटकं. आता आम्हाला अलिबाग पाठ झालं होतं, चौल-रेवदंड्यापर्यंत जाऊन आलो. पावसासाठी घरं होती, हवी तेवढी. पण सगळ्यांचं एकच, 'दसऱ्याला सोडा.' माझी बारावी दसऱ्यानंतरच तर खरी सुरू होणार होती. शेवटी एका रविवारी बाबा म्हणाले, "आकरावी झाली नव्हं? लय झालं." मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा पुन्हा धुतलं.

मे महिन्यात रोजच शनिवार असतो. तो सगळा महिना आम्ही पडवीत काढला. आईने गावी जायचं ठरलेलं असूनही आगोट मागे ठेवली नाही. पाऊस लागला की मासळी बंद, बाजार बंद, म्हणून उन्हातच सगळी बेगमी करून ठेवायची, ती आगोट. मागच्या अंगणात तिने बोंबील वाळवले, जवळा, सोडे वाळवले, मिरच्या वाळवून मसाला कुटून आणला, पांढऱ्या कांद्याच्या माळा विणल्या. पुढच्या अंगाला मुंबईची माणसं नाकाला रुमाल लावून फिरायची. मला वाटलं, काकू आता भडकणार. पण काकू खिडकीतून नुसती बघायची आणि आत जायची.

लाँच बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी टेम्पो आणला. सकाळचीच वेळ, पण आभाळ भरून आलं होतं. ट्रंक चढली, वळकट्या चढल्या. मग आई आगोट बाहेर काढायला लागली, आणि बाबांच्या लक्षात आलं की ती प्रत्येक गोष्ट निम्मी काढतेय. मसाल्याच्या दोन बरण्यांतली एक टेम्पोत, एक पडवीच्या फळीवर. बोंबलांचे दोन गठ्ठे, एक इकडे, एक तिकडे. कांद्याच्या माळासुद्धा मोजून वाटल्या. बाबांना ते लगेच कळलं. आमच्याकडे आजोबांपासून दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करायची रीत. जमीन मालकाची, घाम आपला, पीक अर्धं अर्धं. खळ्यावरून मालकाचा वाटा आधी बाजूला निघतो, मग आपलं घरी न्यायचं.

काकू आवाज ऐकून मागे आली. फळीवरची रास बघून म्हणाली, "हे विसरलीस ग."

"न्हाय काकू. तो तुमचा वाटा," आई म्हणाली. "मासळी माझी, पन ऊन तुमच्या आंगनातलं."

टेम्पोवाला हसला. काकू हसली नाही. ती त्या राशीकडे बघत राहिली, आणि एकाएकी तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही आईला मारणार.

"वाटा देतेस?" ती म्हणाली. "थंडीपासून माझ्या घरात उतरलेला प्रत्येक उंडगा तुझ्या हातचं जेवून गेला. पोरं जेवली, ड्रायव्हर जेवले. मी भिंतीपलीकडे एकटी बसून पेलाभर तांदूळ शिजवत होते. वास येत होता मला. मुद्दाम ह्या दारात येऊन उभी राहायचे, काय केलंय म्हणून विचारायचे. तू उठून उभी राहायचीस. एकदा तरी म्हणालीस, काकू, बसा?"

आई पार गोंधळली. तिने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुमी मालकीन," ती म्हणाली. "मालकाला कसं इचारायचं?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या माहेरी आणि सासरी जमिनीचा मालक वाटा न्यायला यायचा तेव्हा अंगणात खाटेवर बसायचा. त्याला नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा, पण आपल्या चुलीवरचं काही पुढे करायचं नाही. तो आपला मान नव्हे, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. वाटेवरच्या कुणालाही ती जेवू घालू शकत होती. ज्याच्या घरात राहतो त्याला पाटावर बसवायची तिची छाती नव्हती. इतके महिने काकू दारात येऊन उभी राहायची आणि आई तिला मान म्हणून उठून उभी राहायची, आणि दोघीही तशाच उभ्या राहिल्या.

"नको मला तुझा वाटा," काकू म्हणाली. "पान वाढ."

आईने टेम्पोतून परात उतरवायला सांगितली. मग तवा, मग पिठाचा डबा. बाबा काही न विचारता उतरवत गेले. चूल पुन्हा पेटली. आईने बोंबील भाजून ठेचले, त्यात कैरी आणि कांदा घातला, भाकऱ्या थापल्या. पाट ट्रंकेखाली अडकला होता म्हणून काकू सारवलेल्या जमिनीवरच बसली, मांडी घालताना भिंतीला हात टेकून. तिला असं खाली बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती मला एकदम म्हातारी दिसली. आई वाढत होती. काकू मान खाली घालून जेवत राहिली. कौलांवर थेंब वाजायला लागले. टेम्पोवाला फाटकातून ओरडला, "दादा, भिजंल सामान. निघायचं का उतरवायचं, काय ते बोला."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने काकूकडे पाहिलं. काकूच्या तोंडात घास होता. तो तिने सावकाश गिळला.

"पोरीची पुस्तकं आधी उतरवा," ती म्हणाली, आणि ताट आईकडे सरकवलं. "भाकरी आणखी एक."